किल्लीसोबतची चिठ्ठी

मारिन,
किल्ली उलटी फिरते. दार जरा उचलून घे.
पंख्याचा आवाज जाणार नाही,
यांच्या वेळेपासून तो असाच बोलतो.

सकाळी पोहे कोपऱ्यावरच्या ठेल्यावर.
माझ्याकडे मागू नकोस, माझे ओल्या खोबऱ्याचे;
इथले वाफेवरचे, वर शेव, जिरावण,
आणि शेजारी जिलबी.
हसतोस काय? दोन्ही एका घासात.

राजवाड्याचे मजले बाहेरून मोज, सात भरतात.
तू म्हणालास, तुमच्याकडे सम्राटाच्या महालात
अजून बिऱ्हाडं आहेत, खिडक्यांत बनियन वाळतात.
फार आवडलं मला ते.
इथे तिकीट लागतं.

सराफ्यात दहाच्या आत जाऊ नकोस.
सोनारांची शटरं पडू देत,
मग त्याच ओट्यांवर कढया चढतात.
गराडू थंडीतच. तू वैशाखात आलास,
त्याला मी काय करू?

संध्याकाळी छत्र्या. खाली दिसते ती नदीच आहे.
वारा तिकडून असेल तर थांबू नकोस.

समुद्र कुठे, विचारलंस काल,
नकाशावर बोट फिरवत.
नाही रे.
मी पाहिलाय एकदाच, दमणला, लग्नाच्या वर्षी.
एक चप्पल घेऊन गेला.

पण तुमच्या समुद्राला म्हणे भरती नसल्यातच जमा.
आमच्याकडे आहे.
एक दिवसाआड, पहाटे साडेपाचला,
घाट चढून नर्मदा येते
तुझ्या न्हाणीतल्या नळाला.
आधी नुसती हवा, कुणी खोकल्यासारखी.
ती ऐकलीस की ऊठ,
बादली लाव.

— वनमाला टेंबे, खालचा मजला