चार बोटं

लंडनहून मसुदा आला तेव्हा उना गेडिस
डंडीच्या कचेरीत टाइपरायटरची रिबन बदलत होती.
बोटं जांभळी. खिडकीबाहेर टे नदीवरचा वारा,
आणि त्या वाऱ्यात रोज एक मजला वर सरकणाऱ्या परांच्या.

एकोणीसशे सहासष्ट.
बांधकामाच्या जागांसाठी नवे नियम.
कलमं ती वाचत नसे, ऐकत असे.
यंत्राच्या खडखडाटावरून तिला कळायचं
सरकार कुठे ठाम आहे
आणि कुठे नुसतं घसा खाकरतंय.
‘व्यवहार्य असेल तेथवर’ला हात आपोआप हळू व्हायचे.
‘करावेच लागेल’ला घंटी वाजायची, ओळ संपायची.

मग ते आलं:
साडेसहा फुटांहून अधिक उंचीवरून
पडण्याचा संभव असल्यास
कठडा.

डुगल गेडिस. गिलावा करायचा.
तेरा वर्षांपूर्वी, एका शाळेच्या जिन्याखाली,
दोन घोड्यांवर टाकलेली फळी, फळीवर तो,
हातात थापी, छताचा शेवटचा कोपरा.
तपासायला मिस्टर पेट्री आले. सौम्य माणूस.
फरशीपासून फळीपर्यंत त्यांनी टेप धरला.
सहा फूट तीन इंच.
पुन्हा धरला, जरा सैल सोडून.
सहा फूट तीन इंच.
जुन्या नियमातही साडेसहाच होतं.
त्यांनी टोपी काढली, वहीत आकडा लिहिला,
खाली रेघ मारली.

स्वर्ग दोन बोटं उरतो म्हणतात.
डुगलला कायदा चार बोटं उरला.

‘मेल्याने फळी जरा वर तरी बांधायची,’
आई म्हणाली, चुलीकडे तोंड करून,
आणि नंतर कितीतरी दिवस
काहीच म्हणाली नाही.

साडेसहा कुणी ठरवलं, हे मसुद्यात नसतं.
एखाद्या दाराची उंची असेल.
किंवा त्या खोलीतला सगळ्यात उंच साहेब
हॅट घालून उभा राहिला असेल,
बाकीचे म्हणाले असतील, चला, जेवायची वेळ झाली.

उनाने ‘सहा फूट’ टाइप केलं.
नुसतं सहा.
कागदाकडे पाहिलं. बरं दिसत होतं.
मग रबर घेतलं, मूळ प्रत खोडली,
कार्बन उचलून दुसरी, तिसरी,
सगळीकडे ‘सहा इंच’ भरलं, फुंकर मारली.
चौथी प्रत तशीच राहिली.
विसरली की राहू दिली,
हे तिने स्वतःलाही कधी नीट विचारलं नाही.
टपाल साडेचारला निघायचं.

*

दोन हजार पाच. पानगळ.
पन्हळ तुंबली म्हणून राडेक आला,
लुब्लिनचा पोरगा, शिडी खांद्यावर,
आणि खिशात नवं कार्ड, त्यावर घाबरलेला फोटो.
‘एक अख्खा दिवस वर्गात बसवलं मला,’ तो कुरकुरला,
‘शिडीवर कसं चढायचं ते शिकवायला!
माझा आजा घंटाघराला रंग द्यायचा.’

उनाने किटली खाली ठेवली.
‘किती फुटांपासून लागू होतं?’

‘काय?’

‘नियम. किती फुटांपासून?’

त्याने आठवून पाहिलं, वर्गातलं बाक, तक्ते, कॉफी.
‘फूट काढून टाकले,’ तो म्हणाला.
‘इजा होईल असं कुठलंही अंतर.
पडणं म्हणजे पडणं, बाई. खुर्चीवरूनसुद्धा.’

ती काही बोलली नाही.
तिने स्वयंपाकघरातल्या स्टुलाकडे पाहिलं,
मग स्वतःच्या उजव्या हाताकडे,
अंगठा मिटून चार बोटं जवळ घेतली,
आणि सपातांतच अंगणात आली.

‘खालून धरायची गरज नाही,’ तो वरून म्हणाला,
‘मी बांधलीये शिडी, दोरी बघा.’

तिने दोरी पाहिली. गाठ चांगली होती.
तरी शेवटच्या पायरीवर एक पाय ठेवला,
दोन्ही हातांनी शिडी धरली
आणि उभी राहिली,
चहा थंड होईपर्यंत,
वरून काळी, ओली पानं
केसांवर पडत असताना.