हातचा

मंडळाच्या टेबलाला सात खुर्च्या, चाकांच्या.
आठवी बिनचाकांची, टोकाला, पाण्याच्या जगशेजारी.
सातांपुढे पितळी पाट्या, नावं कोरलेली.
आठवीपुढे नुसतं ‘विद्यार्थी प्रतिनिधी’.
माणूस दर जूनला बदलतं, नाव कोरायचा खर्च कशाला,
असं सतरा वर्षांपूर्वी ठरलं.
ठरावाची नोंद माझ्याच अक्षरात आहे.

इत्सेल बारागान पहिल्या बैठकीला आली ती
बदामाच्या कारखान्यातून थेट,
भुवयांवर टरफलांची धूळ घेऊन,
आणि पाटीवर चिकटवली वहीची पट्टी:
स्वतःचं नाव, निळ्या पेनानं, आडनावासकट.
अध्यक्ष हॅलोरन चष्म्यावरून बघत राहिले.
पाटीवर काही चिकटवू नये, असा नियम नव्हता.
मी शोधला होता.

तिचं मत आधी विचारतात, मग सातांचं.
आधी विचारतात ते मानाचं म्हणून नव्हे.
सल्ल्याचं मत ते: लिहायचं, मोजायचं नाही.
माझ्या तक्त्यात त्याला वेगळा रकाना,
जेवणाआधी ताटाबाहेर मांडलेल्या
चित्राहुतीसारखा.

बंद दाराचा विषय निघाला की तिनं उठायचं.
वकील आले की मीही.
मग आम्ही दोघी बाहेर, चिप्सच्या यंत्रासमोर.
तिच्या वहीत मंगळवार बारा, बुधवार एकोणीस, गुरुवार चौदा:
नऊ चाळीसच्या शेवटच्या बसमध्ये चढलेली डोकी,
तिनं स्वतः दाराशी उभं राहून मोजलेली.
दोन नि नऊ अकरा, अकरा नि चार पंधरा.
पाच लिहिले, आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटली.
काय गं?
‘आई म्हणायची तसं. एक मी सोबत नेते.’
म्हटलं, आमच्या शाळेत म्हणायचे, हातचा एक.
तिनं तळहात उघडून पाहिला.
‘पंचेचाळीस,’ म्हणाली. ‘तीन रात्रींत.’

बस बंद करायचा ठराव एप्रिलमध्ये आला.
ती म्हणाली, वर्ग नऊ वीसला सुटतो.
म्हणाली, कालव्याच्या रस्त्याला दिवे नाहीत,
सेराफिम आविला एकसष्टाव्या वर्षी वेल्डिंग शिकतात,
त्यांचा एक गुडघा स्टीलचा आहे,
ते चालत
इथे दिवा लाल झाला. तीन मिनिटं संपली.
चार विरुद्ध तीन. बस गेली.
तिचं ‘नाही’ मी माझ्या वेगळ्या रकान्यात लिहिलं.
तिघांच्या शेजारी बसवता आलं असतं तर चार-चार,
आणि बरोबरीत ठराव पडतो.
हे मी कुणाला बोलले नाही.

मे महिना. ‘मागच्या इतिवृत्तात काही दुरुस्ती?’
अध्यक्ष हे वाक्य जांभईसारखं म्हणतात,
उत्तराची वाट न बघता.
इत्सेलचा हात वर.
‘“विद्यार्थी प्रतिनिधी असहमत” एवढंच आहे. का, ते नाही.
पंचेचाळीस लिहा. कालवा लिहा. गुडघा लिहा.
आणि प्रतिनिधीच्या जागी माझं नाव.’
कॉफी निवत होती. दुरुस्ती एकमतानं मंजूर.
आपण काय मंजूर केलं, हे दोघांना तरी
कळलं नसावं.
मी लिहिलं, बोट दुखेतो दाबून.

बस पुन्हा सुरू झाली नाही. हे सांगायलाच हवं.
इत्सेल आता दुसऱ्या गावी, इस्पितळात रात्रपाळीला,
लोकांच्या श्वासाची यंत्रं सांभाळते.
तिच्या खुर्चीत तौ शिओंग आला, अठराचा,
सदऱ्याच्या कॉलरवर दुकानाची टाचणी तशीच.
तिची पट्टी सोलायला गेला, गोंद सुटेना,
तेव्हा तिच्यावरच आपली चिकटवली.
बंद दाराबाहेर, यंत्रासमोर, मला विचारलं,
‘जुनी इतिवृत्तं बघायला मिळतात?’
कुठलं वर्ष?
‘वर्ष माहीत नाही. बसचं.’

फाइल काढून देताना माझा हात
क्षणभर तिच्यावरच राहिला.
बेरीज तपासताना मी अजूनही आधी बघते
डाव्या रांगेच्या डोक्यावर लिहिलेला
तो बारीक एक.