शेऱ्याचा रकाना

ओआमारूच्या किनाऱ्यावर अंधार पडला
की पेंग्विन मोजतात.
बुटके, निळे, लाटेतून धडपडत दगडांवर चढणारे.
काल एकशे बारा, परवा एकशे चाळीस.
आकडा फळ्यावर चढतो, पाहुणे टाळ्या वाजवतात
आणि बाकीचे कुठे राहिले
हे कुणी विचारत नाही.

मी माणसं मोजते.
वाचनालयाच्या दारापाशी, मुठीत मावेल एवढं यंत्र,
अंगठा दाबला की टिक्.
मंगळवार, साडेदहा, मुलांची गोष्ट.
फेब्रुवारीत चौदा. मार्चमध्ये अकरा.
एप्रिलमध्ये सहा, त्यातला एक कुरिअरवाला,
सहीपुरता आलेला.
(खोटं नाही. उंबरा ओलांडला होता त्यानं.)

जूनमध्ये दोन.
नगरपरिषदेतून रसेलनं आलेख पाठवला:
घसरगुंडीसारखी रेघ,
वर एकही मूल बसलेलं नाही.
खाली एक ओळ. प्रतिसाद नाही, बंद करायचं का, नोलीन?

आमच्या तक्त्याला रकाने सात.
तारीख, वेळ, कार्यक्रम, मोठे, लहान, खर्च,
आणि शेवटचा शेऱ्याचा.
अकरा वर्षं मी त्यात एकच शब्द लिहीत आले:
निरंक.

त्या रात्री हीटरजवळ बसून
जुने तक्ते उलटे चाळले,
आठवेल तसं पेन्सिलीनं भरत गेले.
या दिवशी गारा.
या दिवशी तोंगन चर्चमध्ये मयत.
या दिवशी प्रोजेक्टर बिघडला, तरी मुलं हसली.
या आठवड्यापासून मांसाच्या कारखान्यात दुसरी पाळी.
मेलेआनेची तिन्ही नातवंडं
इथे शेवटची दिसली.

दोन ओळी एकमेकींच्या खाली आल्या
तेव्हा पेन्सिल थांबली.

मेलेआने भेटली बाजारात,
अळकुड्यांच्या ढिगापाशी, एकेक दाबून बघत.
विचारलं. (अकरा वर्षांत पहिल्यांदा.)
म्हणाली, सून पहाटे चारला जाते,
लेक रात्री दोनला येतो,
मंगळवारी साडेदहाला आमच्या घरात
कुणीतरी झोपलेलं असतं. गाडी मला येत नाही.
रविवारी मात्र चर्चनंतर जेवणं लांबतात,
पोरं वैतागतात. तूच ये की.
अळकुड्यांचा भाव सांगावा
इतक्या सहज म्हणाली.

गेले. खोकाभर पुस्तकं, गोष्ट देवमाशाची.
माझे तोंगन उच्चार ऐकून
पुढच्या रांगेतल्या सिओसाइयानं कपाळाला हात लावला,
मग शब्द न् शब्द माझ्याकडून घोकून घेतला.
यंत्र गाडीतच राहिलं होतं.
निघताना दाराबाहेरच्या लहान चपला मोजल्या:
त्रेसष्ट. भागिले दोन.

रसेलचा फोन. साडेएकतीस म्हणजे काय?
मी म्हटलं, शेरा वाच.
शेरा: एक गुलाबी, डाव्या पायाची. शोध चालू.

आता मी लिहीत सुटते.
गुरुवारचं विणकाम, संख्या एक.
कोल्हून आजोबा, बायको गेल्यापासून
तिच्याच सुयांवर.
शेरा: दुसरी बाही कोपरापर्यंत आली.
रसेलनं त्यापुढे काहीतरी लिहून
खोडलेलं दिसतं. कार्यक्रम चालू आहे.

मंगळवार मात्र मीच बंद केला.
ठरावावर सही माझी, कारण आकडे माझे.
राहता राहिली जूनमधली ती दोन.
एकीच्या आईला फोन केला, तिला रविवार जमतो.
दुसरी यायची हिरव्या टोपीत, बापाच्या खांद्यावर,
गोष्ट संपण्याआधीच निघून जायची.
आजही साडेदहाला माझी नजर दाराकडे जाते.
तिचा पत्ता नाही, नाव नाही.
तक्त्यात ती आहे,
एक टिक् एवढीच.