नोंदवही

या, बसा. पाय आधी, पिशवी मग.
होडीला दोन्ही बाजूंनी बांबूचे हात आहेत,
ती कलंडत नाही, नुसती कुरकुरते.
मी दुल्फो. बापानं ठेवलेलं नाव याहून लांब आहे,
ते फक्त मतदार यादीत लागतं.

कामिगिनला लोक दोन दिवसांसाठी येतात
आणि सगळे ज्वालामुखी मागतात.
मी बोटानं दाखवतो: तो ढगात, तो ढगामागं,
आणि तो तुमच्या पाठीशी, हिबोक-हिबोक.
त्याला आम्ही फारशी नावानं हाक मारत नाही.
झोपलेल्याला कशाला?

सकाळी पांढरं बेट बघितलंत ना?
झाड नाही, सावली नाही, भरतीगणिक कूस बदलणारी वाळू.
काल चंद्रकोर होती,
आज कुणी खाऊन टाकलेली कलिंगडाची साल.
मग जुनं चर्च. छप्पर गेलं, शेवाळ राहिलं.
गाईडबाई सांगते, भिंतींचा चुना
अंड्याच्या पांढऱ्यात कालवला होता म्हणे.
पोरं विचारतात, मग पिवळ्याचं काय केलं?
मी म्हणतो, ते अजून बेकरीत मिळतं,
पावात भरून.

ऑक्टोबरात आलात तर लान्झोनेस खा.
पूर्वी विषारी होतं हे फळ;
एका बाईनं चिमटीत धरलं आणि विष उतरलं.
सोलून बघा, आत चिमट्याची खूण आहे.
बी मात्र चावू नका,
तिथवर तिचा हात पोचला नाही.

आता वाका. मास्क घट्ट करा.
हा मोठा क्रूस नंतरचा, लांबून दिसावा म्हणून.
खरी जागा खाली.
डोंगर फुटला, किनारा बसला,
आणि आधीच पुरलेली माणसं दुसऱ्यांदा गेली,
एकदा मातीत, एकदा पाण्यात.
सगळे विचारतात, थडगी कुठं?
ते पोवळं बघा, काटकोनात वाढलेलं.
समुद्र स्वतःहून काटकोन काढत नाही.

माझी आई, इस्यांग, किनाऱ्यावर मास्क भाड्यानं देते.
चाळीस वर्षं. स्वतः कधी घातला नाही.
काचेला थुंकी लावते, बादलीत बुचकळते,
सुट्टे मोजते,
आणि क्रूसाकडं पाठ करून बसते.

गेल्या नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी,
सगळं बेट भात आणि मेणबत्त्या घेऊन कबरींकडं निघालं,
तेव्हा ही उतारूंच्या रांगेत येऊन उभी.
म्हटलं, आई, तू कशाला रांगेत?
म्हणाली, भेटायला निघालेय,
म्हणजे पाहुणीच की.

काउंटरवरच्या पोरीनं वही पुढं केली.
नाव: इसिद्रा काबाक्तुलान, प्रत्येक अक्षर सुटं.
वय: दोन वर्षं कमी.
कुठून आलात:
इथं पेन बराच वेळ थांबलं.
मागं सेऊलहून आलेलं जोडपं घड्याळ बघत होतं.
मग तिनं लिहिलं, खालून.
पोरीनं खोडलं नाही.

इथंच, तुम्ही बसलात त्याच फळीवर,
तिनं करवंटीत मेणबत्ती लावली.
तीनदा विझली. चौथ्यांदा तिनं
न पेटवताच पाण्यावर सोडली.
मग मास्क घातला, उलटा. मी सरळ केला.
तिनं तोंड पाण्यात घातलं,
मी तिचा झगा पाठीवर मुठीत धरून बसलो,
लहानपणी ती मला धरायची तसा.

तिनं वर डोकं काढलं तेव्हा विचारलं, काय दिसलं?
नाकातून पाणी गळत होतं तिच्या.
मासे, म्हणाली.
निळे. एवढे निळे.
चाळीस वर्षं एकानंही सांगितलं नाही मला.

उतरताना भाडं दिलं. मोजून.
मी घेतलं.

वारा फिरतोय, चला.
मास्क तिच्याच हातात द्या,
काच वाळूत पालथी ठेवू नका.
ओरडते.