सत्त्याऐंशीचं शेवटचं पान

कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
गेल्या मंगळवारी तिथं
'शततारका' यानाची फाळणी झाली.

मोईजभाई घड्याळाचं भिंग न काढता तसेच आले,
एक डोळा मोठा घेऊन.
म्हणाले, नव्यानं सुरू करायलेत. पहिल्या अंकापासून.
आपले एकशे त्रेचाळीस अंक झालेच नाहीत म्हणे.

झालेच नाहीत? सोनटक्के उठले.
विद्यापीठात ज्वारीच्या वाणांवर तीस वर्षं काढलेला माणूस.
मग मी वाचलं काय? दोन रुपये महिना
काय हवेला दिला?

बाराव्या अंकात यानाला तीन इंजिनं, चाळिसाव्यात पाच.
मधली दोन आली कुठून, यावर
मोईजभाईंची दोनशे पानी वही आहे.
ती आता कुठं ठेवायची?

गुंडरे गुरुजी म्हणाले, कप्तान म्हणून बाई आणलीय.
मग अल्फियाकडं बघून म्हणाले,
बाईबद्दल काही नाही, गणवेश शोभत नाही.

पण खरं दुखणं सत्त्याऐंशीचं.
यान निघून जातं. बर्फाच्या ग्रहावर
पत्र्याचा टिकोजी एकटा मागं राहतो,
आणि चौऱ्याण्णवाव्या पानाच्या तळाशी:
टिकोजीने दाराकडे पाहिले.

पुढचं पान फाटलेलं.

परभणीत प्रत एकच, प्रगती वाचनालयाची.
समासात कुणाचा तरी हिशोब, सरकी पेंड, दोन पोती, बाकी सव्वीस.
अख्ख्या गावानं सत्त्याऐंशी असंच वाचलं.

मोईजभाईंच्या मते दार उघडलं. कुणीतरी परत आलं.
सोनटक्क्यांच्या मते टिकोजीनं ते आतून लावून घेतलं;
असलेली ऊर्जा पुरवायची होती,
कोरडवाहू माणूस तेच करील.
यावर दोघांचा सात वर्षं अबोला.
उरुसात समोरासमोर आले
तर दोघंही आकाशपाळण्याकडं बघायचे.

माझं मत मी कुणाला सांगितलं नाही.
थोरला भाऊ सुरतेला गेला आणि पत्रं थांबली,
त्या उन्हाळ्यात मी ते वाचलं.
माझ्या मते टिकोजी अजून बघायलाय.

आता नवा लेखक दार उघडणार. तिसऱ्या अंकात.
तशी जाहिरातच आलीय.

बनी तो बनी, सोनटक्के पुटपुटले.
नहीं तो परभणी, हे
कुणीच पुरं केलं नाही.

निषेधाचं पत्र झालं. चाळीस प्रती, उधारीवर.
'मूळ' शब्दाशी गाडी अडली.
मूळ म्हणजे पहिला अंक की आपण पहिल्यांदा वाचलेला?
गुरुजींनी पहिल्यांदा वाचलेला एकोणसाठावा होता.

अल्फिया, मोईजभाईंची नात, अकरावीला.
स्टुलावर बसून नवा अंक वाचत होती.
चांगलाय, म्हणाली.
माझ्या मशीनमध्ये तेव्हाच कागद अडकला.

मग तिनं मोबाइल पुढं केला.
पुण्यात कुणाकडं सत्त्याऐंशीची धड प्रत होती,
तिनं पानांचे फोटो मागवले होते.

पान पंच्याण्णव: केशतेलाची जाहिरात.
पान शहाण्णव: आगामी पुस्तकं, मनिऑर्डरचा पत्ता.

बस.

टिकोजीने दाराकडे पाहिले, आणि
गोष्ट तिथंच संपली होती. पहिल्यापासून.

कूलरमधलं पाणी कधीच आटलेलं,
नुसतं गरम वारं दुकानात फिरत होतं.
गुरुजी चहा सांगायला म्हणून गेले ते आलेच नाहीत.
मोईजभाईंनी भिंग काढलं, सदऱ्याला पुसलं, पुन्हा लावलं,
मोबाइलवर वाकले.
जाहिरातीत लांब केसांची बाई,
तिच्या मागं, अंधुक, एक दार.

उघडं आहे, मोईजभाई म्हणाले.

फोटो वाकडा काढलाय, सोनटक्के म्हणाले,
म्हणून तसं दिसायलंय.

अल्फियानं फोटो मोठा केला. आणखी मोठा केला.
नुसते ठिपके उरले.
दोघं ठिपक्यांवर भांडत होते, डोक्याला डोकं लावून,
आणि पत्रावर सह्या राहून गेल्या.

रात्री शटर ओढण्याआधी मी त्या पानाची
एक प्रत काढली, रंगीत.
कुणी मागितली नव्हती.