राखीव

कोराडी रोडवरच्या शेडमध्ये
लांजेवार रोज सकाळी मशीन दहा मिनिटं चालवतो,
उगाच.
तेल कोमट, बॅटरी भरलेली,
भार शून्य.
बायको विचारते, आज काय केलं?
"वाट पायली."

मे महिना. रात्रीचे दोन सतरा.
काटा पन्नासवरून घसरला.
अख्खं नागपूर कूलरपुढे झोपलेलं.
त्यानं बटण दाबलं,
पायाखालची फरशी थरथरली,
आणि काटा,
दाव्यानं ओढलेल्या वासरासारखा,
अडत अडत जागेवर आला.

पाचपावलीत कुणाच्या तरी कूलरची मोटर
जराशी अडखळली,
वाळ्यातून पाणी पुन्हा ठिबकू लागलं.
लेकरानं कूस बदलली, बस.

सकाळी रजिस्टरात त्यानं लिहिलं:
रात्रपाळी. विशेष काही नाही.
डिझेल मागवणे.