खटखट

साखर पेठेत, इरण्णा गाजूल यांच्या कारखान्यात
तिसऱ्या मागामागं, सुताच्या गुंत्यात
चार पिल्लं झालीत, असं कांड्या भरणाऱ्या अंबुबाईनं सांगितलं
आणि मी पिशवी घेऊनच गेले.
भाजीची पिशवी. आता सांगायला लाज वाटते.

गाजूल म्हणाले, डोळे उघडून नऊ दिवस झालेत फक्त.
दूध तुटेपर्यंत मी कुणालाच देत नाही.
मग मागांच्या वर आवाज चढवून
विचारत गेले, सोयरीक जुळवताना विचारतात तसं:
घर भाड्याचं का? मालकाला विचारलंत?
कितवा मजला? गॅलरीला जाळी आहे?
दमा कुणाला?
आणि लेकीकडं हैदराबादला आठ दिवस गेलात
तर ह्याच्या पुढ्यात पाणी कोण ठेवणार?

शेवटच्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
पिशवीची घडी घालून परत आले.

दीड महिना गेला त्या एका उत्तरात.
जाळी एका दुपारी बसली,
घरमालक चहावर ऐकले,
जनावरांच्या दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी
लशीच्या तारखा, सहा महिन्यांनी ऑपरेशन,
आणि ‘दूध पाजू नका, पोट बिघडतं’
हे सगळं कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिलं.
राहिलं पाणी.
समोरची रेहाना म्हणाली, नळ पाचव्या दिवशी येतो,
म्हणून काय झालं,
मांजराच्या वाटीपुरतं माझ्या घागरीत निघेल.

तोवर पांढरं पिल्लू, माझं मनातलं,
जुळे सोलापुरात एका वकिलाकडं गेलेलं.
उरलं होतं एक,
वाया गेलेल्या सुताच्या रंगाचं, कानाला खाच.
उचलू नका, बसा, गाजूल म्हणाले.
कांड्यांच्या खोक्यावर अर्धा तास बसले.
ते आलं, चप्पल हुंगली, गेलं.
पुन्हा आलं, पदराचं टोक चावलं.
माझी निवड, त्याची निवड, ते मला ठाऊक नाही.
दार सताड उघडं होतं आणि ते पळालं नाही,
एवढंच मी पाहिलं.

येताना झाकणाची टोपली,
आत डागी निघालेल्या चादरीचा तुकडा,
त्याच्या आईच्या अंगाखालचा.

पहिल्या रात्री ते रडलं.
पाणी होतं, रेतीचा ट्रे होता, तुकडा होता,
मी जवळ होते. तरी रडलं.
दीड वाजता कळलं:
ते मागांच्या पोटात जन्मलंय,
दिवसपाळी, रातपाळी.
शांतता त्यानं कधी ऐकलीच नव्हती.

आमचेही दोन माग होते, खालच्या खोलीत.
भंगारवाल्यानं काट्यावर घातले तेव्हा
ह्यांनी आकडासुद्धा बघितला नाही.
ह्यांच्या माघारी, आता सहा वर्षं होतील,
मला रात्री डोळा लागत नाही.
वय झालं, म्हणतात सगळे.

उठले. शिलाई मशीनची सुई काढली, दोरा काढला,
आणि नुसतंच पायडल मारत बसले,
खट खट खट खट,
कापड नाही, काही नाही.
ते तुकड्यावर गोल फिरलं, एकदा, दोनदा,
आणि नाक शेपटीत घालून निजलं.
मी कधी थांबले ते आठवत नाही.
उजाडलं तेव्हा मान मशीनवर होती.

रेहानानं दार वाजवलं,
अगं, रात्रभर कुणाचा ब्लाऊज शिवत होतीस?

शिवत नव्हते, म्हटलं.
ये. पण दार हळू उघड,
आधी खाली बघ.